घनफुटात मोजलेला वाडा

पुण्यात नारायण पेठेतल्या एका गल्लीत वाडा पाडायचं काम चाललं होतं. फुटपाथवर सागाचे खांब, तुळया, कड्या लांबीप्रमाणे रचून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकावर पांढऱ्या खडूनं आकडे लिहिलेले होते. आजोबांचं बोट धरून चाललेली एक मुलगी थांबली. "आबा, नंबर कशाला टाकलेत? परत जोडणार आहेत का?" आबांनी मुकादमाकडं पाहिलं. मुकादम म्हणाला, "नाही बाळ, घनफुटाचे आहेत ते." मुलगी पुढं निघून गेली. तिला घनफूट कळलं असेल-नसेल, पण तिचा प्रश्न अगदी नेमका होता. लाकडावर आकडे टाकण्याची दोन कारणं असतात आणि तिला त्यातलं पहिलं सुचलं होतं. ते आता पेठांमध्ये कुणाला सुचत नाही, म्हणून तो प्रश्न मनातून जात नाही.

व्यापाऱ्याचा हिशेब सोपा असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ नं भागायचं. दहा फूट लांब, आठ बाय आठ इंची खांब असेल तर ४.४४ घनफूट. त्यातून कुजलेलं टोक वजा, कुसवाच्या (सांध्यात बसणाऱ्या दात्याच्या) खाचा वजा, चीर गेलेला भाग वजा. खिळे किती ठोकलेत तेही बघतात, कारण एक विसरलेला खिळा करवतीचं पातं खराब करतो. कोरीव खांबाचं वेगळं असतं. तो घनफुटावर जात नाही, नगावर जातो आणि बहुधा एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात उभा राहतो. बाकीचं लाकूड चिरून त्याची दारं, टेबलं, फळ्या होतात. जुन्या सागाला मागणी असते ती उगाच नाही. शंभर-दीडशे वर्षं वाळलेलं लाकूड पुन्हा वाकत नाही, पिळत नाही. या व्यवहारात कुणी कुणाला फसवत नाही. फक्त हा खांब कोणत्या ओळीतला, त्याच्यावर कोणती तुळई होती आणि वाड्याच्या मधल्या मोकळ्या चौकाकडं त्याची कोणती बाजू होती, एवढं त्या आकड्यात मावत नाही.

परत जोडायचा असेल तर नंबर टाकायची रीत निराळी आहे आणि ती पहिलं कौल काढण्याआधी सुरू होते. आधी कागदावर खांबांची जाळी काढायची. आडव्या ओळींना अ, आ, इ. उभ्या ओळींना १, २, ३. मग आ-ओळीतला तिसरा खांब 'आ३', आणि त्याच्यापुढं मजल्याचा आकडा. तुळईला दोन टोकं असतात, म्हणून तिच्यावर दोन नावं: कुठून कुठं. कड्यांना दरवाजाकडून आत असे ओळीनं क्रमांक. प्रत्येक खांबाच्या चौकाकडच्या अंगाला एक खूण, कारण चौकोनी खांब चारही बाजूंनी सारखा दिसतो, पण त्याच्या खाचा सारख्या नसतात; उलटा फिरवून उभा केला की वरचं कुसू बसत नाही. नंबर खडूनं कधीच टाकायचा नाही, एका पावसात तो जातो. पत्र्याच्या चकतीवर ठोकून घ्यायचा आणि ती चकती दर्शनी नसलेल्या अंगाला दोन बारीक खिळ्यांनी बसवायची. दोन जाणती माणसं आणि एक सुतार असेल तर मध्यम आकाराच्या वाड्याचं हे काम काही दिवसांत होतं. वाडे वर्षानुवर्षं वादात पडून असतात. त्यात हे काही दिवस सापडत नाहीत, असं होत नाही.

वाड्याचं सगळं गणित खणावर चालतं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, साधारण पाच ते सहा फुटांचा. सोपा (पुढची ओसरी) किती खणांचा, माजघर किती खणांचं, माडी किती खणांची, यावरून घराची ऐपत सांगितली जाई. खणांची संख्या बहुधा विषम, म्हणजे दार मधल्या खणात येतं. खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडाच्या तळखड्यावर नुसता उभा असतो. वरचं ओझंच त्याला जागेवर धरून ठेवतं. खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडं पसरणारा लाकडी आधार, त्यावर तुळई, तुळईवर फूटभर अंतरानं कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर माती-चुन्याचा जाड थर. जोडण्या कुसू आणि खाचेच्या, आणि त्या पक्क्या करायला लाकडी खुंट्या. मजल्यांचं ओझं हा सांगाडा पेलतो. बाहेरची दोन-तीन फूट जाडीची भिंत मुख्यतः स्वतःला आणि सांगाड्याच्या डोलण्याला सांभाळते. म्हणून कधी कधी अर्धी भिंत कोसळलेली असते आणि माडी तशीच लटकलेली दिसते. येणारे-जाणारे त्याला दैवाची कृपा म्हणतात. मला ती सुताराची हुशारी वाटते.

शनिवारवाड्याचं जोतं १० जानेवारी १७३० ला भरलं. लाकूड जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीच्या पट्ट्यातला. पेठेतल्या सावकाराच्या वाड्यातही बांधणीची रीत तीच, फक्त ऐपतीप्रमाणे कमी. खाली काळ्या दगडाचं घडीव जोतं, त्यावर भाजक्या विटांची भिंत, वर जावं तसा चुना कमी आणि माती जास्त. चुना महाग होता, शिवाय त्याला वेळ द्यावा लागे. भट्टीतून आलेली चुनकळी पाण्यात विरवायची, मुरू द्यायची, मग बैलाच्या घाण्यात वाळू किंवा विटांच्या भुकटीबरोबर मळायची. असा चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेत महिनोन्महिने हळूहळू घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावरही ओलावा आत-बाहेर जाऊ देतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण वाड्यांचं दुखणं बरंचसं तिथूनच सुरू होतं.

१८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचं लाकूड गेलं आणि दगड राहिला. आज तिथं जाणारे पर्यटक जोत्यांवर चढून फोटो काढतात आणि 'आत काही नाही' म्हणत बाहेर येतात. खरं तर वाड्याचा आराखडा तिथं जमिनीवर काढून ठेवल्यासारखा आहे. कुठं पायऱ्या आहेत, कुठं जोत्याची उंची बदलते, पाणी कुठून येऊन कुठं जात होतं, हौद कोणत्या चौकात होता, हे चालत चालत वाचता येतं. उंच जोतं म्हणजे मानाची जागा, सखल जागा म्हणजे चौक, चौकाच्या कोपऱ्यातला दगडी उतार म्हणजे सांडपाण्याची वाट. पेशव्यांच्याच बुधवारवाड्याचं तेवढंही नशीब नाही. तो १८७९ च्या आगीत पुरता गेला.

पण पेठांमधले वाडे आगीनं फारसे गेले नाहीत. ते पाण्यानं गेले.

पानशेत म्हटलं की प्रत्येक पुणेकर घरात काहीतरी सांगितलेलं असतं, ते पुन्हा लिहीत नाही. १२ जुलै १९६१ ला धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी चढलं तेव्हा मातीत रचलेल्या भिंती तळापासून विरघळल्या, तळ गेला की वरची वीट राहायला कारणच उरलं नाही. त्यानंतर सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर वाढलं आणि पेठांमधली कुटुंबं तिकडं सरकली. हे मोठं पाणी झालं. लहान पाणी मात्र अजून रोज काम करतं आणि त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. सदाशिव किंवा शुक्रवार पेठेत जुन्या वाड्याच्या दारात उभं राहून पायऱ्या मोजा. तीन पायऱ्यांच्या जोत्याला आता एक, कधी अर्धीच पायरी दिसते. बाकीच्या रस्त्याखाली आहेत. दर काही वर्षांनी जुनं डांबर न खरवडता त्यावरच नवा थर टाकला, वर काँक्रीट केलं, आणि रस्ता वाड्यापेक्षा उंच झाला. मग पावसाचं पाणी दिंडी दरवाजातून आत येतं, चौकातून बाहेर जायची जी दगडी मोरी होती ती आता रस्त्याच्या पातळीखाली, म्हणून तुंबलेली. तळखडा खांबाला ओलीपासून वाचवण्यासाठी होता. आता तळखड्याभोवतीच पाणी साचतं.

दुसरं लहान पाणी मोऱ्यांचं. एका कुटुंबासाठी बांधलेल्या वाड्यात पुढं आठ-दहा बिऱ्हाडं आली. प्रत्येकाला मोरी हवी, नळ हवा. मोरी कोपऱ्यात काढतात, आणि कोपऱ्यातच तुळईचं टोक भिंतीत शिरलेलं असतं. वरच्या मोरीतून थेंब थेंब पाणी त्या टोकाशी मुरतं. तुळईचा मधला भाग ठणठणीत दिसतो, त्यावर तेलपाणीही केलेलं असतं, आणि भिंतीतलं सहा इंच लाकूड भुसा झालेलं असतं. तपासायची पद्धत साधी आहे. तुळईच्या मध्यावर लाकडी मोगरी मारायची आणि मग तसंच ठोकत भिंतीकडं सरकायचं. खणखणीत आवाज बसका होत गेला की तिथं थांबायचं आणि पातळ सळई जोर न लावता आत ढकलायची. चांगल्या सागात ती टोकभरही शिरत नाही. बोटभर शिरली तर तुळईला तात्पुरता टेकू दिल्याशिवाय वर कुणाला जाऊ द्यायचं नाही. वाळवीची मातीची नळी दिसली म्हणून लगेच घाबरायचंही कारण नाही. सागाचा गाभा वाळवीला सहसा आवडत नाही, ती कडेचं पांढरं लाकूड खाते. गाभ्याचा नाश करते ती सततची ओल.

आणि तिसरी गोष्ट, जी दुरुस्ती म्हणून केली जाते: सिमेंटचा गिलावा. भिंतीला ओल आली, चुना सुटला, म्हणून मालक किंवा भाडेकरू खर्च करून चार-पाच फूट उंचीपर्यंत सिमेंट मारून घेतो. दोन वर्षं भिंत कोरडी दिसते. जमिनीतली ओल मात्र विटांमधून वर चढतच असते. पूर्वी ती चुन्यातून हवेत जात होती, आता तिला सिमेंटनं अडवलं, म्हणून ती आणखी वर चढते आणि सिमेंट संपतं तिथं बाहेर पडते. तिथं पांढरे क्षार फुलतात, रंग सुटतो. आतल्या बाजूला तोच ओलावा भिंतीतल्या खांबाला जाऊन भिडतो. मग सिमेंट आणखी दोन फूट वर नेतात. एका वाड्याच्या भिंतीवर असे तीन पट्टे एकावर एक दिसले होते, प्रत्येक वेगळ्या वर्षाचा, आणि तिसरा पट्टा माडीच्या कड्यांना जाऊन टेकला होता. उपाय उलटा आहे: सिमेंट काढून भिंत उघडी ठेवायची, एक उन्हाळा वाळू द्यायची आणि मग चुन्याचाच गिलावा करायचा. पण एक उन्हाळा उघडी भिंत घेऊन राहायला कोण तयार होणार? आणि गिलाव्यात चुना वापरणारा गवंडी शोधायचा कुठं?

इथं भाड्याचा विषय टाळता येत नाही. १९४७ च्या कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली; पण मुळात जे दहा-वीस रुपये होते त्याचे चार टक्के किती? त्यात कौलं शाकारायलाही पैसे येत नाहीत. मालकानं हात आखडता घेतला, भाडेकरूनं 'आपलं थोडंच आहे' म्हणून सोडून दिलं, पाणी मुरत राहिलं, आणि एक दिवस महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची, म्हणजे इमारत धोकादायक असल्याची, नोटीस दारावर लागली. वाड्यांवर हळहळणाऱ्यांनी या तिघांपैकी एकाला दोषी धरायचं ठरवलेलं असतं. मला तसं धरता येत नाही. प्रत्येकानं आपापल्या परीनं शहाणपणाचंच पाऊल उचललेलं असतं.

वाड्यातली माणसं हेही सांगतात की तिथलं राहणं सुखाचं नव्हतं. विशेषतः बायका सांगतात. अंधारं स्वयंपाकघर, धूर, एका खणात अख्खा संसार, चौकापलीकडचा सामायिक संडास आणि पहाटेची रांग. पावसात कपडे वाळायचे नाहीत. भिंतीतला जिना इतका अरुंद आणि उभा की पोटुशी बाई वर-खाली करताना सगळ्यांचा जीव वरखाली व्हायचा. अशा बाईला तिसऱ्या मजल्यावरचा साडेचारशे फुटांचा फ्लॅट मिळतो, त्यात स्वतःचं न्हाणीघर असतं, तिथं ती पहिल्यांदा दार लावून निवांत अंघोळ करते. तिच्यासमोर सुरूच्या झाडासारख्या कोरलेल्या खांबांचं आणि लाकडी केळफुलांचं कौतुक करायला धीर होत नाही. त्याच बाईला चौकातली मुलं, हळदीकुंकू, एकमेकींकडं टाकलेलं विरजण आठवलं की ती गप्प होते, हेही तितकंच खरं. दोन्ही एका तोंडून ऐकायला मिळतं आणि त्यातलं एक खोडून दुसरं ठेवायची गरज नाही.

तेव्हा वाडा पाडू नका, असं सरसकट म्हणणं मला जमत नाही. पाडण्याआधी मोजा, एवढं म्हणता येतं.

मोजायला फार काही लागत नाही. तीस मीटरची एक टेप, पाच मीटरची एक, ओळंबा, पाणी भरलेली पारदर्शक नळी, बॅटरी, आलेखाचा कागद, शिसपेन्सिल. पावसाळ्यात आणि अंधाऱ्या खोल्यांत लेझरचं यंत्र वेळ वाचवतं, पण कोरीव कामावर आणि काचेवर ते फसतं, म्हणून टेप हवीच. माणसं दोन, तीन असतील तर उत्तम. आधी काहीही न मोजता सगळ्या वाड्यातून एकदा चालून यायचं आणि हातानं कच्चा नकाशा काढायचा. मोजायला सुरुवात करून नकाशा नंतर काढणाऱ्यांची संध्याकाळी हमखास एक खोली हरवते. मग चौकापासून सुरुवात. चौकाच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजायचे. चौक काटकोनात असतोच असं कधीही धरू नये. पेठांतल्या जागा गल्लीच्या वळणानं तिरक्या झालेल्या असतात आणि कर्ण घेतले नाहीत तर सगळा वाडा कागदावर खोटा सरळ होतो. खांबांची अंतरं मोजताना टेपचं शून्य एका टोकाला धरून ठेवायचं आणि पहिला खांब, दुसरा खांब, तिसरा, अशी सलग मापं वाचायची. एकेक खण सुटा मोजून नंतर बेरीज केली की प्रत्येक ठिकाणची अर्ध्या सेंटिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटच्या खांबापर्यंत बोटभर फरक पडतो. भिंतीची जाडी दारा-खिडक्यांच्या कडेला मिळते. मजल्याची उंची जिन्याची प्रत्येक पायरी वेगळी मोजून पडताळायची, कारण सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी नसते. जमीन कुठं किती सखल आहे ते पाण्याच्या नळीनं काढायचं. एक माणूस नळीचं टोक उंबऱ्याशी धरतो, दुसरा हिंडतो. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून भरताना ती उंच धरून सगळी हवा काढून टाकायची. छपराची मापं माळ्यावरून, आढं आणि वासे उघडे दिसतात तिथून.

खरी मजा रात्री कागदावर येते. खोल्यांच्या आतली मापं आणि भिंतींच्या जाड्या यांची बेरीज करायची आणि ती वाड्याच्या बाहेरच्या मापाशी ताडून बघायची. ती जुळते तेव्हा समाधान होतं. जुळत नाही तेव्हा जास्त शिकायला मिळतं. समजा, बाहेरून चोपन्न फूट आणि आतून सगळं मिळून एकोणपन्नासच भरलं, तर पाच फूट गेले कुठं? एखादी भिंत दोन फुटांची धरली होती ती सात फुटांची असते. दुसऱ्या दिवशी जाऊन तिथं ठोकून बघितलं की पोकळ आवाज येतो. कधी तो बुजवलेला भिंतीतला जिना असतो, मधल्या वाटण्यांमध्ये दोन भावांनी एकमेकांकडं जायची वाट बंद केलेली. कधी बळद असतं, धान्य साठवायची खोल जागा. वरून झाकण, खालून लहानसं तोंड, आणि नंतर कुणीतरी पुढं कपाट उभं करून ते विसरून गेलेलं. गुप्तधनाच्या गोष्टी अशाच पोकळीवर वाढतात आणि पाडणारे मजूर मग कुदळ घेऊन आधी तिथंच धावतात. प्रत्यक्षात निघते माती, उंदरांची बिळं, जुनी धान्याची फोलकटं. पण वाटणी कधी झाली, कोणत्या भावाकडं स्वयंपाकघर गेलं, दुसऱ्यानं कुठं नवी चूल मांडली, हे त्या पाच फुटांतून समजतं. घरात मोडी कागदांचं दप्तर सापडलं तर ते १९१० पासून चालत आलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन द्यायचं पुणेकराला कळतं. भिंतही तसाच दस्तऐवज आहे, पण तो वाचण्याआधीच ट्रकमध्ये भरला जातो.

मोजणी राहूनच गेली असेल तरी पाडल्यानंतर काही आठवडे एक गोष्ट शिल्लक असते: शेजारची भिंत. पेठेत दोन वाड्यांच्या मध्ये बऱ्याचदा सामायिक किंवा अगदी चिकटलेली भिंत असते. एक वाडा गेला की दुसऱ्याच्या अंगावर गेलेल्याचा उभा छेद दिसू लागतो. खाली दगडाची सरळ रेघ, ते जोतं. त्यावर ओळीनं चौकोनी भोकं, तिथं कड्या शिरत होत्या. भोकांच्या दोन ओळींमधलं अंतर म्हणजे मजल्याची उंची. एका खोलीचा निळा डिस्टेंपर, तिच्याशेजारी पोपटी, मध्ये पडदीचा पांढरा पट्टा, म्हणजे दोन बिऱ्हाडं. काळा झालेला लहान कोनाडा, देवळी, आत तेलाचा ओघळ. तिरकी चढत गेलेली दातेरी रेघ म्हणजे जिना. मोरीच्या पांढऱ्या चौकोनी टाइल्स आणि त्यांच्याखाली वर्षानुवर्षांच्या ओलीचा काळसर डाग, थेट खालच्या कडीच्या भोकापर्यंत. वाडा का पडला याचं उत्तर कित्येकदा त्या डागातच असतं. या भिंतीचा समोरून, शक्य तितका सरळ फोटो घ्यावा आणि त्यात मापाची काठी उभी करावी. शेजाऱ्यांनी मात्र कौतुक करत बसू नये. आतापर्यंत दोन्हीकडून दाबली गेलेली भिंत एका बाजूनं मोकळी झालेली असते, ती पोट काढते. ओळंबा सोडून आठवड्यातून एकदा बघावं, आणि पावसाआधी ती झाकून घ्यावी.

हे सगळं पेठांच्या पृष्ठभागावरचं झालं. खालीही एक शहर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांचं पाणी नुसत्या उतारावर, जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. वाटेत हवा आणि सफाईसाठी उच्छ्वास, पेठांमध्ये हौद, आणि बड्या वाड्यांच्या चौकांत त्याच पाण्याची शाखा. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामासाठी खोदताना जमिनीखालचा जुना जलमार्ग उघडा पडला, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'भुयार सापडलं' अशा बातम्या दिल्या. सापडायला ते हरवलं नव्हतं, नोंदवून ठेवलेलं नव्हतं इतकंच. पेठेत भर उन्हाळ्यात पायाच्या खड्ड्यात गोडं पाणी झिरपू लागलं तर आधी फुटलेला नळ शोधतात. तो नाही सापडला, तर जुन्या शाखेचा विचार करायला हवा. पंप लावून उपसत राहिलं की बारीक माती पाण्याबरोबर वाहून येते आणि शेजारच्या वाड्याचं जोतं खचतं.

म्हणूनच मोजणीचा नकाशा फक्त जुन्याच्या प्रेमातल्या माणसांसाठी आहे असं मला वाटत नाही. तो नव्या इमारतीच्या इंजिनिअरलाही लागतो. जवळपास प्रत्येक वाड्यात आड असतो. नळ आल्यावर त्याच्यावर फरशी टाकली जाते, मग फरशीवर कुणाचं तरी दुकान किंवा पाण्याची टाकी. पाडताना ट्रकचे पैसे वाचावेत म्हणून राडारोडा त्यातच लोटतात. कौलांचे तुकडे, माती, कुजकं लाकूड, प्लास्टिक, सगळं. वरून सपाट दिसतं. नव्या इमारतीचा एखादा कॉलम नेमका तिथं आला तर पाया भरावावर बसतो. पुढं लाकूड कुजतं, माती दबते, एक कोपरा खाली जातो आणि पाचव्या मजल्यावरच्या भिंतीत तिरकी चीर पडते. आड बुजवायचाच असेल तर आधी गाळ उपसावा, मग मोठ्या दगडांपासून बारीक खडीपर्यंत थर देत, प्रत्येक थर ठोकत वर यावं, आणि कॉलम त्याच्यापासून दूर सरकवावा. त्याहून चांगलं म्हणजे तो साफ करून छपराचं पावसाचं पाणी गाळून त्यात सोडावं. खोदून ठेवलेली जागा आयतीच आहे. यापैकी काहीही करायचं तर आड कुठं आहे हे वाडा उभा असतानाच कागदावर यायला हवं, आणि त्याची अंतरं वाड्याच्या भिंतींपासून घेऊन चालत नाही, कारण त्या उरणारच नाहीत. समोरच्या देवळाचा कोपरा आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पक्क्या इमारतीचा कोपरा, अशा दोन न हलणाऱ्या जागांपासून आडाच्या मध्यापर्यंत टेप लावायची, दोन्ही आकडे लिहायचे, काठापासून तळापर्यंतची खोली दोरीला दगड बांधून घ्यायची, आणि नकाशाची एक प्रत मालकाकडं, एक बिल्डरच्या इंजिनिअरकडं आणि एक शेजाऱ्याकडं द्यायची.